पिकअपचा क्लच: वाचकांचे प्रश्न, वर्कशॉपची उत्तरं

या वेळच्या टपालात क्लचचा विषय पुन्हा पुन्हा आला आहे, म्हणून पाच पत्रं एकत्र घेतली आहेत. उत्तरांत जिथे ‘साधारण’ म्हटलं आहे, तिथला आकडा साधारणच समजावा. बोल्ट किती आवळायचा, फ्लायव्हील (इंजिनच्या मागचं जड चाक, ज्यावर क्लचची प्लेट दाबली जाते) किती घासायचं, हे आपापल्या गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमधूनच घ्यावं.

प्रश्न: माझी बोलेरो पिकअप रत्नागिरीहून बर्फातली मासळी घेऊन आंबा घाटाने कोल्हापूरला जाते. सकाळी क्लच ठीक असतो. घाटाच्या मध्यावर इंजिनचा आवाज चढतो, गाडी मात्र तिथेच. चौदा महिन्यांत दोन सेट गेले. आता मिस्त्री म्हणतात, बटण प्लेट टाका, कायमची कटकट जाईल. टाकू का? (रत्नागिरी)

नका टाकू. दुसरा सेट का गेला हे कळल्याशिवाय तिसऱ्यावर खर्चच करू नका.

तुमच्या 2523 सीसीच्या इंजिनाचा टॉर्क साधारण 200 न्यूटन मीटर. कंपनीचा सेट तेवढा टॉर्क पेलून वर राखीव ताकद उरेल असाच बनवलेला असतो. इंजिनात बदल नाही आणि तरी प्लेटा जळतात, तेव्हा प्लेटची कुवत कमी पडलेली नसते. चालत्या गाडीत इंजिन जेवढा टॉर्क देतं तेवढाच क्लचमधून जातो, मागे एक टन असो की दोन. माल नडतो तो गाडी जागेवरून उचलताना. सपाट रस्त्यावर गाडी उठवताना क्लचमध्ये जेवढी उष्णता तयार होते, ती गाडीला मिळालेल्या गतिज ऊर्जेइतकी असते. गाडी आणि माल मिळून 3 टन धरा. पहिल्या गिअरमध्ये ताशी 8 किलोमीटरला क्लच पूर्ण पकडला, तर साधारण 7.4 किलोज्यूल उष्णता. दुसऱ्या गिअरमध्ये उचलली तर क्लच पकडेपर्यंत वेग दुप्पट होतो आणि उष्णता चौपट, म्हणजे जवळपास 30 किलोज्यूल. चढावर त्यात आणखी भर पडते. घाटात ट्रकच्या मागे रांगत असताना दुसऱ्यावर हाफ क्लच मारत राहिलं, तर एका फेरीत प्लेटचं महिन्याभराचं आयुष्य जाऊ शकतं. भरली गाडी नेहमी पहिल्यातच उचला आणि चढावर थांबायचं तर हँडब्रेकवर थांबा, क्लचवर नाही.

पण तुमच्या पत्रातली खरी खूण दुसरीच आहे: सकाळी ठीक, तापल्यावर स्लिप. असं दिसलं की आधी क्लचचा वरचा सिलिंडर बघायचा. पेडल आणि सिलिंडरचा पिस्टन यांच्यामध्ये जो दांडा असतो, त्याला थोडी ढील हवी. पेडल पायाने नाही, हाताने दाबून बघा. सुरुवातीचे काही मिलिमीटर अगदी हलके गेले पाहिजेत. ती ढील नसली, तर पिस्टन पूर्ण मागे येत नाही आणि टाकीकडे तेल परत जाण्याचं बारीक भोक बंदच राहतं. घाटात लाइनमधलं तेल तापून फुगतं, त्याला वाट मिळत नाही, मग तेच रिलीज बेअरिंगला (क्लच सोडवणाऱ्या बेअरिंगला) ढकलून क्लच अर्धवट दाबून धरतं. पाय पेडलवर नसतानाही तुम्ही हाफ क्लचवर चालवत असता. खातरजमा सोपी आहे. स्लिप सुरू झाली की गाडी बाजूला घ्या, चाकांना दगड लावा आणि खालच्या सिलिंडरचा हवा काढायचा निपल क्षणभर ढिला करा. तेल दाबाने उडालं आणि क्लच लगेच पकडायला लागला, तर दोष तिथेच आहे. दांड्याची ढील मिळवून घेतली की काम संपलं. त्याला सेट उतरवावा लागत नाही.

तरीही गिअरबॉक्स उतरवायची वेळ आलीच, तर जुनी प्लेट मिस्त्रींकडून मागून घ्या आणि उजेडात धरून बघा. फेसिंग, म्हणजे प्लेटवरचा घासणारा थर, रिव्हेटपर्यंत सगळीकडे सारखं घासलंय, म्हणजे प्लेट वयाने गेली. काळं, काचेसारखं चमकतंय आणि जळका वास येतोय, म्हणजे ती उष्णतेने गेली. मधल्या बॉसकडून (जिथून शाफ्ट जातो त्या भागाकडून) बाहेर तेलाचे ओघळ पसरलेत, तर गिअरबॉक्सचं पुढचं सील किंवा क्रँकचं मागचं सील गळतंय. ते न बदलता टाकलेली प्लेट कितीही महाग असली, तरी थोड्याच दिवसांत तशीच होणार.

बटण प्लेट, म्हणजे सिरॅमिकच्या गोळ्या बसवलेली प्लेट, उष्णता छान सोसते. पण साध्या प्लेटमध्ये दोन फेसिंगच्या मधे लहरीसारखी स्प्रिंगची पाती असतात, त्यामुळे क्लच हळूहळू पकडतो. बटण प्लेटमध्ये सहसा ती पाती नसतात. ती एकदम पकडते, आणि तो झटका जॉइंटच्या (गिअरबॉक्सपासून अ‍ॅक्सलकडे जाणाऱ्या प्रॉपेलर शाफ्टच्या) क्रॉसला, डिफरन्शियलच्या दातांना आणि शेवटी बर्फाच्या पेट्यांना बसतो.

प्रश्न: इसुझु डी-मॅक्स व्ही-क्रॉस, 1.9 लिटर, मॅन्युअल. ट्यून करून घेतली. ट्यूनरच्या सांगण्याप्रमाणे आता 450 न्यूटन मीटर आहे. हायवेला पाचव्या गिअरमध्ये 1800 आरपीएमला अ‍ॅक्सिलरेटर दाबला की काटा वर उडतो, वेग वाढत नाही. कोणता परफॉर्मन्स क्लच घ्यावा? (सांगली)

तुमच्या बाबतीत मात्र कुवतच कमी पडली आहे. क्लच किती टॉर्क धरेल हे चार गोष्टींवर ठरतं: प्रेशर प्लेट (प्लेटला फ्लायव्हीलवर दाबून धरणारा भाग) किती जोराने दाबते, फेसिंगचा घर्षणांक किती, प्लेटची सरासरी त्रिज्या किती आणि घासणाऱ्या बाजू किती. चारींचा गुणाकार केला की उत्तर मिळतं.

उदाहरणासाठी बाहेरून 260 मिमी आणि आतून 170 मिमीची प्लेट धरा. सरासरी त्रिज्या 107.5 मिमी. दाब 8000 न्यूटन, घर्षणांक 0.3, बाजू दोन. हिशेब 516 न्यूटन मीटरचा येतो. कंपनीच्या 360 न्यूटन मीटरला हे निवांत पुरतं. तुमच्या 450 लाही कागदावर पुरतं. पण प्लेट तापली आणि घर्षणांक 0.25 वर आला, की उरतात 430. इथेच काटा उडतो. आणि एकदा स्लिप झाली की प्लेट आणखी तापते, घर्षण आणखी घसरतं. वरच्या गिअरमध्ये हे आधी कळतं, कारण खालच्या गिअरमध्ये गाडी चटकन वेग घेते आणि पूर्ण टॉर्कचा ताण क्षणभरच टिकतो; पाचव्यात तो सेकंदामागून सेकंद टिकून राहतो.

आता पर्याय. पहिला, साधं ऑरगॅनिक फेसिंग ठेवून 20 टक्के जास्त दाबाची प्रेशर प्लेट. वरच्याच हिशेबात थंड असताना 619 आणि तापल्यावर 516. रोजची गाडी, अधूनमधून माल, शहरातली गर्दी असं वापरणं असेल, तर आमचं मत ठामपणे याच बाजूला. पेडल थोडं जड होतं, आणि क्लच दाबताना क्रँकच्या थ्रस्ट बेअरिंगवर जास्त जोर येतो, म्हणून सिग्नलला क्लच दाबून उभं राहायची सवय सोडावी लागते. दुसरा, केवलारचं फेसिंग. ते झिजायला चिवट आणि पकडायला मऊ, पण धीराने बसवून घ्यावं लागतं आणि एकदा जळून चकाकी आली की सहजी पूर्वपदावर येत नाही. तिसरा, सिरॅमिक. घर्षणांक 0.4 धरला, तर जुन्याच दाबावर 688. पण धक्के वर सांगितले तेच. चौथा, दोन प्लेटांचा सेट. बाजू चार झाल्या की कुवत दुप्पट होते, मात्र 450 साठी तो नुसता खर्च आहे.

सेट मागवण्याआधी ट्यूनरशी एकदा बोला. 2000 आरपीएमच्या खाली टॉर्क एकदम न चढवता उतारासारखा चढवता येतो, आणि त्याने क्लचचा निम्मा त्रास तिथेच मिटतो. गाड्या बनवणारेही टॉर्क आवरतातच: आपल्याकडे मिळणाऱ्या 2.8 लिटर हायलक्सला ऑटोमॅटिकमध्ये 500 न्यूटन मीटर दिलेत, मॅन्युअलमध्ये तेच इंजिन 420 वर ठेवलंय.

प्रश्न: छोटं गॅरेज आहे. आजवर मोटारींचे क्लच केले, आता फोर-व्हील ड्राइव्ह पिकअपला हेवी ड्यूटी सेट टाकायचं काम आलं आहे. क्रम आणि कुठे चुका होतात ते सविस्तर सांगा. (कराड)

दोन माणसं आणि अख्खा दिवस धरा. गिअरबॉक्सचा जॅक नसेल तर भाड्याने आणा, पण छातीवर गिअरबॉक्स घेऊन हे काम करू नका. ट्रान्सफर केससकट (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटून देणाऱ्या खोक्यासकट) तो मोटारीच्या गिअरबॉक्सपेक्षा कितीतरी जड असतो.

बॅटरीची निगेटिव्ह काढा. गाडी घोड्यांवर (लोखंडी स्टँडवर) घ्या, नुसत्या जॅकवर नाही. आतून गिअर लिव्हर काढा. पुढचा आणि मागचा दोन्ही जॉइंट काढण्याआधी फ्लँजवर पंचने खुणा करा. उलटा बसला तर नवीन क्लचसोबत नवीन थरथर मिळते. जॉइंट गिअरबॉक्समध्ये सरकून बसणारा असेल, तर तेल आधी काढून घ्या. सेल्फ काढा. खालचा सिलिंडर पाइप न सोडता काढून तारेने वर बांधा आणि स्टिअरिंगला चिठ्ठी लावा की पेडल दाबू नये, नाहीतर पिस्टन बाहेर येऊन पडतो. इंजिनच्या चेंबरखाली लाकडाचा ठोकळा ठेवून आधार द्या, मग क्रॉसमेंबर सोडा. शक्य असेल तिथे ट्रान्सफर केस वेगळी उतरवा. काम एक तास वाढतं, पण नंतर बसवताना तो तास परत मिळतो.

गिअरबॉक्स सरळ मागे ओढायचा. शाफ्ट प्लेटच्या बाहेर येईपर्यंत त्याचं वजन एक क्षणही शाफ्टवर लटकू द्यायचं नाही. बसवताना तर हे दुप्पट सांभाळा, कारण लटकलेला गिअरबॉक्स नव्या प्लेटचा मधला बॉस वाकवतो, आणि ‘सेट नवा, तरी गिअर पडत नाही’ या तक्रारींमागे बरेचदा हेच असतं.

प्रेशर प्लेटचे बोल्ट समोरासमोरचे, अर्धा-अर्धा फेरा सोडा. जुन्या फेसिंगची धूळ हवेने उडवू नका. ब्रेक क्लीनर मारून ओल्या कापडाने पुसा आणि तोंडाला मास्क लावा. जुन्या फेसिंगमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं.

आता फ्लायव्हील, आणि खरं काम इथेच आहे. पृष्ठभागावर निळे-जांभळे डाग दिसतात. तिथलं लोखंड उष्णतेने कडक झालेलं असतं. लेथवर फेस मारला, तर टूल त्या कडक जागेवरून उडी मारतं आणि डाग किंचित उंच राहतो. डोळ्यांना सपाट दिसतं, गाडीला कळतं: पहिल्या गिअरमध्ये थडथड. म्हणून लेथ नाही, सरफेस ग्राइंडिंग करून घ्या. प्रेशर प्लेट बसते ती कड आणि प्लेट घासते ती बाजू यांच्यात पायरी असेल, तर जेवढं एकीकडे घ्याल तेवढंच दुसरीकडे घ्या. नाहीतर दाब बदलतो. बारीक नखरेषांसारख्या भेगा ग्राइंडिंगमध्ये गेल्या तर ठीक, नखाला अडकणारी भेग राहिली तर फ्लायव्हील बाद. ड्युअल मास फ्लायव्हील (दोन भागांचं, मधे स्प्रिंगा असलेलं) असेल, तर साधारणपणे ते घासायचं नसतं. ढील आणि डुलणं मॅन्युअलच्या मर्यादेशी ताडून बघायचं आणि बाहेर असेल तर बदलायचं.

फ्लायव्हील उतरलेलं आहे तोवर क्रँकचं मागचं सील बदला. पायलट बेअरिंगही (गिअरबॉक्सच्या शाफ्टचं टोक धरणारं) बदला, फिरवून चांगलं वाटलं तरी. पुलर नसेल आणि मागे भोक बंद असेल, तर त्यात घट्ट ग्रीस भरा, भोकाच्या मापाचा दांडा घालून हातोडीने ठोका. ग्रीसच्या दाबाने बेअरिंग आपोआप बाहेर सरकतं. नंतर आतलं सगळं ग्रीस पुसा. मॅन्युअलने सांगितलं असेल तिथे फ्लायव्हीलचे बोल्ट नवेच वापरा.

नवी प्लेट आधी गिअरबॉक्सच्या शाफ्टवर सरकवून बघा. अडकत असेल तर सेट चुकीचा आहे, आणि हे आत्ता कळलेलं बरं. स्प्लाइनला (शाफ्टवरच्या दातांना) ग्रीसचा पुसट हात द्या आणि प्लेट एकदा मागे-पुढे करून जादा ग्रीस पुसून टाका. बोटभर ग्रीस लावलं, तर ते फिरताना उडून फेसिंगवर जातं. फ्लायव्हील आणि प्रेशर प्लेटवर गंज न लागण्यासाठी कारखान्यात तेल लावलेलं असतं, ते क्लीनरने धुवा. प्लेटवर ‘फ्लायव्हील साइड’ लिहिलेली बाजू फ्लायव्हीलकडेच. उलटी बसली, तर मधला स्प्रिंगांचा भाग फ्लायव्हीलच्या बोल्टना घासतो आणि क्लच सुटतच नाही.

डमी शाफ्टने प्लेट मध्यावर आणा, मग प्रेशर प्लेटचे बोल्ट समोरासमोर, तीन टप्प्यांत, टॉर्क पान्याने. 8 मिमीच्या बोल्टना साधारण 20 ते 25 न्यूटन मीटर लागतात. रिलीज बेअरिंग ढकलणारा फोर्क ज्या गोळ्यावर टेकतो, तो झिजून चपटा झाला असेल तर बदला. हेवी सेटचा दाब जास्त, आणि चपट्या गोळ्यावर फोर्क तिरका चालून रिलीज बेअरिंग खातो.

गिअरबॉक्स चढवताना शेवटचा 10 मिमी फट राहते आणि हात शिवशिवतात, बोल्टने ओढून घ्यावं असं वाटतं. ओढू नका. तिथे कान तुटतात. गिअर टाकून मागचा फ्लँज हाताने किंचित फिरवा, दात जुळले की गिअरबॉक्स स्वतः जाऊन बसतो. नाही बसला तर उतरवून प्लेट पुन्हा मध्यावर आणा.

मग तेल भरून हवा काढा. शेवटची परीक्षा अशी: इंजिन चालू, क्लच पूर्ण दाबा, चार सेकंद थांबा, रिव्हर्स टाका. आवाज न करता पडला तर क्लच सुटतोय. खरखरला तर गाडी मालकाच्या ताब्यात देऊ नका.

प्रश्न: नवीन सेट टाकल्यापासून गाडी उठताना थरथरते. गॅरेजवाले म्हणतात, बसेल हळूहळू. (दिंडोरी)

ऑरगॅनिक प्लेट असेल तर पहिले 500 ते 800 किलोमीटर माल न भरता, गिअर वारंवार बदलावे लागतील अशा रस्त्यांवर चालवा. किंचित थरथर तेवढ्यात जाते. त्यानंतरही राहिली तर इंजिन आणि गिअरबॉक्सची रबरी माउंटिंग तपासा. ती फाटली असतील, तर नवीन, जोरात पकडणारा क्लच त्यांना उघडं पाडतो. ती चांगली असतील तर फ्लायव्हीलचे डाग किंवा फेसिंगला लागलेला ग्रीसचा हात, हीच दोन कारणं उरतात, आणि त्यासाठी गिअरबॉक्स पुन्हा उतरवावाच लागेल. फ्लायव्हील ग्राइंड केल्याची पावती मागा.

प्रश्न: आम्ही टेक्ससमध्ये राहतो. 2006 ची डॉज रॅम 2500, 5.9 लिटर कमिन्स, सहा गिअरची जी-56. घोड्यांचा ट्रेलर ओढतो. ड्युअल मास फ्लायव्हील काढून एकसंध फ्लायव्हीलचा परफॉर्मन्स सेट टाकला. ओढायला उत्तम, पण न्यूट्रलला गिअरबॉक्स खडखडतो. क्लच दाबला की शांत. सेट सदोष आहे का? (ह्यूस्टन)

नाही. क्लच दाबल्यावर आवाज थांबतो, त्यावरूनच तो गिअरच्या दातांचा आहे हे ओळखता येतं.

तुमचं सहा सिलिंडरचं इंजिन क्रँकच्या एका फेऱ्यात तीनदा पेटतं. 750 आरपीएमला सेकंदाला साधारण 37 ठोके पडतात. ड्युअल मास फ्लायव्हीलच्या पोटातल्या स्प्रिंगा ते ठोके गिळायच्या. एकसंध फ्लायव्हीलमध्ये ते सरळ शाफ्टवर जातात, भार नसलेले दात एकमेकांवर आपटतात, आणि जी-56 चा अ‍ॅल्युमिनियमचा खोका तो आवाज घुमवतो. मधे स्प्रिंगा असलेली प्लेट घेतली असेल तर आवाज कमी राहतो. बिनस्प्रिंगाची असेल तर जास्त. गिअरबॉक्सचं तेल ताजं आणि पातळीला भरलेलं ठेवा.

दोन गोष्टींवर मात्र लक्ष ठेवा. खडखड गाडी चालत असताना, भार असतानाही येऊ लागली तर ती वेगळी गोष्ट, तेव्हा शाफ्टची बेअरिंगं तपासा. दुसरं, तुमच्या गाडीचं मूळ हायड्रॉलिक युनिट तेल भरून सीलबंद येतं आणि ते मूळ प्रेशर प्लेटच्या दाबाला जुळवलेलं आहे. जड प्रेशर प्लेटसोबत ते तग धरत नसेल, तर पहिली खूण रिव्हर्सला दिसते: सकाळी सहज पडतो, ट्रेलर मागे लावताना तीन-चारदा क्लच मारल्यावर खरखरतो. तेव्हा क्लचला दोष न देता त्या सेटसाठी शिफारस केलेला मोठ्या बोअरचा सिलिंडर बसवा. आणि ट्रेलर मागे घेताना ट्रान्सफर केस असेल आणि जमीन सैल असेल, तर लो रेंज वापरा. क्लचला इंचाइंचाने झिजवण्याची गरज राहत नाही.